चप्पल मिलानला पोचली, दुकान कुणाच्या नावावर?

जून २०२५ आठवतोय? मिलानच्या रॅम्पवर प्राडाचे मॉडेल चालत आले आणि त्यांच्या पायात हुबेहूब आपली कोल्हापुरी! 'आमची चप्पल ढापली' म्हणत तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी स्टोरी टाकली असेल. पुढे प्राडाने मान्य केलं की डिझाइनची प्रेरणा भारतीय हस्तकलेतूनच घेतलीय. त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरमध्ये तर करारच झाला. महाराष्ट्राचं लिडकॉम, कर्नाटकचं लिडकर आणि प्राडा मिळून २ हजार जोड्या तयार करणार. एका जोडीची किंमत साधारण ८०० युरो, म्हणजे आपले ऐंशी हजार रुपये आणि वर थोडे.

भारीच की! पण या सगळ्या गलक्यात एक साधा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. आणखी पंधरा वर्षांनी ही चप्पल बांधायला बसणार कोण? आणि जो बसेल, तो मालक असेल की जोडीमागे मजुरी घेणारा कामगार?

हा प्रश्न तुमच्या वयाचा आहे, म्हणून या पानावर. कोल्हापूरच्या सुभाषनगरात, कापशीत, कुरुंदवाडात, सीमेपलीकडे निपाणी-अथणीकडे आज ज्यांच्या घरात रापी आणि आरी आहे, त्या घरांतली मुलं-मुली आत्ता बीकॉम, बीएस्सी, डिप्लोमा करतायत. आईवडिलांनीच त्यांना सांगितलंय, 'शिका आणि यातून बाहेर पडा.' त्यात चूक काय आहे? पिढ्यान् पिढ्या ढोर समाजाने कातडं कमावलं, चर्मकार समाजाने चप्पल बांधली आणि गावाने ती पायात घालून त्याच हातांना दूर ठेवलं. या धंद्याला कातड्याच्या वासाआधी जातीचा वास चिकटवला गेलाय. त्यामुळे 'परंपरा जपा' असा सल्ला बाहेरच्याने देऊ नये. जपायची की नाही, हे त्या घरातली पोरं ठरवतील. पण ठरवताना त्यांच्यासमोर खरा पर्याय तरी असायला हवा. आज बऱ्याच घरांत तो नाही.

शाहू महाराजांनी नुसते पैसे दिले नाहीत

कोल्हापूरकरांना गंगाराम कांबळेंची गोष्ट माहीत असते. बाकीच्यांसाठी थोडक्यात. गंगाराम दरबारच्या चाकरीत होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांची खरडपट्टी काढलीच, पण गंगारामना सांगितलं की चाकरी सोड, स्वतःचा धंदा काढ. भांडवलही दिलं. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल उघडलं. चहा उत्तम, जागा मोक्याची, पण दलिताच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतःची गाडी त्या हॉटेलसमोर थांबवून चहा प्यायला लागले. सोबतच्या बड्या मंडळींनाही प्यावा लागायचा.

आता हे आजच्या भाषेत मांडून बघा. भांडवल तर मिळालंच, पण त्याच्या जोडीला बाजारही मिळाला. संख्येने थोड्या आणि भांडवलाने त्याहून थोड्या असलेल्या समाजाच्या माणसाला कर्ज देऊन सोडलं की काय होतं? दुकान उघडतं आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसतं. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, सुरू केली. नोकरी मागणारे नको, देणारे होऊया, हे तिचं म्हणणं. तिनेही खरेदीचा मुद्दा पहिल्यापासून लावून धरलाय. केंद्राचे विभाग आणि सरकारी कंपन्यांनी आपल्या खरेदीतला ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून घ्यावा, असा २०१२ पासून नियम आहे. कोल्हापुरी चप्पल काही रेल्वे विकत घेणार नाही, मान्य. पण चामड्याचे हातमोजे, सेफ्टी शूज, बॅगा? कातड्याचं काम येणाऱ्या घराने फक्त चप्पलच बांधावी असं कुठे लिहिलंय!

जीआय टॅग: विकता येत नाही, वारसाला मिळतो

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, २०१९ मध्ये मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. नोंदणी लिडकॉम आणि लिडकर या दोन सरकारी महामंडळांच्या नावावर आहे. लिडकॉम म्हणजे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, स्थापना १९७४.

प्राडा प्रकरणात काही वकील जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना परत पाठवलं. कारण सरळ होतं. तुम्ही या जीआयचे नोंदणीकृत मालक नाही, ज्यांचा हक्क आहे त्यांनी यावं. भावना कितीही खऱ्या असल्या तरी कोर्टात कागद लागतो.

इथे कायद्यातली एक गंमत बघा, जी रीलमध्ये कुणी सांगितली नाही. महामंडळ मालक असलं तरी त्या नावाखाली माल विकणारा प्रत्येक जण 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंद करू शकतो. जीआय कायद्याचं कलम २४ म्हणतं की हा हक्क विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. मात्र अधिकृत वापरकर्त्याचा मृत्यू झाला, तर त्याचा हक्क त्याच्या कायदेशीर वारसाकडे जातो. जमीन सावकाराकडे जाऊ शकते, दुकान बँकेकडे जाऊ शकतं, हा हक्क नाही. तुमच्या आजोबांची रापी जशी घरात राहिली, तसाच हाही घरातच राहतो. अट एकच, आधी कुणीतरी नोंद केलेली असली पाहिजे.

आणि दुसरी, जरा टोचणारी गंमत. कायद्याच्या व्याख्येत हस्तकलेच्या मालाचा 'उत्पादक' म्हणजे नुसता कारागीर नाही, त्या मालाचा व्यापारीही त्यात बसतो. म्हणजे ज्याने आयुष्यात आरी धरली नाही त्यालाही नोंद करता येते आणि ज्याने आयुष्यभर धरली त्याची नोंद आपोआप होत नाही. अर्ज फॉर्म जीआय-३ वर करायचा. २०२० च्या नियमदुरुस्तीत त्याचं शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आलं. वडापावपेक्षा स्वस्त. घरात स्मार्टफोन हाताळणारं पोरगं किंवा पोरगी असेल, तर वारसदार म्हणून तुमचं पहिलं काम हेच.

आईची मजुरी कुठे लिहिलीय?

उद्योजकता शिकवायची म्हणजे काय शिकवायचं, यावर माझं स्पष्ट मत आहे. कॉलेजच्या ई-सेलमध्ये पिच डेक, फंडिंग, व्हॅल्युएशन असलं सगळं शिकवतात. शार्क टँक बघून आलेल्या पोरांना ते आवडतंही. पण चपलेच्या घरातून आलेल्या मुलाला त्याआधी एक पानाचा हिशोब शिकवायला हवा.

आकडे समजा असे आहेत (हे फक्त समजण्यासाठी, तुमच्या घरचे तुम्ही घाला). एक जोड दुकानदाराला ७०० रुपयांना जातो. कातडं, वादी, रंग, तेल धरून माल ४०० चा. राहिले ३००. वडील म्हणतात, 'जोडीमागं तीनशे सुटतात.' आता विचारा, काम किती वेळ झालं? वडिलांनी तळ कापला, थर जोडले, चामड्याच्याच वादीने शिवले, पट्टे बसवले. कोल्हापुरीत खिळा नसतो, त्यामुळे यात झटपट काही होत नाही. समजा मिळून एक दिवस. वेणी आईने घातली, अर्धा दिवस. म्हणजे दीड दिवसाला ३०० रुपये, दिवसाला २००. शेजारच्या बांधकामावर बिगाऱ्याची हजेरी काय चाललीय, ते एकदा विचारून या.

बहुतेक घरांत हा हिशोब मांडलाच जात नाही. कारण आईचा अर्धा दिवस वहीत नसतो. वेणी ही कोल्हापुरीची सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात जास्त फोटो निघणारी गोष्ट. ती बऱ्याच घरांत बाई घालते आणि तिची किंमत शून्य धरली जाते. मग पुढच्या पिढीला हा धंदा परवडत नाही असं वाटणारच. ज्या वहीत एका माणसाची मजुरीच नाही, ती वही तोट्याचा धंदाही नफ्याचा दाखवते. पोरं मात्र हुशार असतात. त्यांना वही न बघता घरातली दमलेली माणसं दिसतात आणि ती कुरिअर कंपनीत नोकरी धरतात.

दुसरा धडा किंमत ठरवण्याचा. थेट गिऱ्हाइकाला विकायचं ठरवलं की जीएसटी समोर येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडीवर ५ टक्के आणि त्यापुढच्या जोडीवर १८ टक्के कर आहे. नोंदणीकृत विक्रेता असाल तर २५०० ची जोडी गिऱ्हाइकाला २६२५ ला पडते. तुम्ही हौसेने २६०० केली की तीच ३०६८ ला पडते. तुम्ही वाढवले शंभर, गिऱ्हाइकाच्या खिशातून गेले ४४३. भरजरी, बारीक वेणीच्या जोडीला किंमत लावताना हा उंबरठा डोक्यात हवा. राज्याबाहेर ऑनलाइन माल पाठवायचा तर नोंदणीचे नियम वेगळे आहेत. तिथे यूट्यूबवर विसंबू नका, सीएला दोन-पाचशे द्या आणि विचारा.

तिसरा धडा मापाचा. हातकामात आठ नंबरच्या दोन जोड्यांत थोडाफार फरक पडतो. दुकानात गिऱ्हाईक घालून बघतं, 'दोन दिवसांत सैल होईल' म्हटलं की घेतं. ऑनलाइनला तोच जोड परत येतो आणि जायचं-यायचं कुरिअर तुमच्या माथी. पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये विचारायची, प्रत्येक तयार जोड मोजून त्यावर आकडा लिहायचा. एवढं केलं तरी बराच त्रास वाचतो. हे शिकवायला आयआयएमचा प्राध्यापक लागत नाही. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाची, डोकं शांत असलेली मुलगी पुरते.

आणि कातड्याचं काय? तो मोठा आणि अवघड विषय. २०१५ च्या राज्याच्या कायद्याने बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली. चांगलं कातडं मिळवणं तेव्हापासून आणखी जिकिरीचं झालं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावणारी घरंही कमी होत चाललीत. त्यावर एका लेखात तोड निघणार नाही. पण नवीन मालकाला माहीत हवं की त्याच्या धंद्याची नाडी कुठे आहे.

बाबा असेपर्यंतच करायची कामं

आता वारसा. आपल्याकडे हा विषय काढला की घरात सगळे गप्प होतात. 'मी मरायची वाट बघतोस का?' हे वाक्य ऐकायचं नसेल तर विषय वेगळ्या बाजूने काढा. 'बाबा, दुकानाचं उद्यम रजिस्ट्रेशन कुणाच्या पॅनवर आहे?' असं विचारा.

कारण बहुतेक छोटी दुकानं एकाच माणसाच्या नावावरची, प्रोप्रायटरी असतात. तो माणूस गेला की कायद्याच्या दृष्टीने तो धंदा संपतो. उद्यम नंबर त्याच्या पॅनला बांधलेला, तो तुमच्याकडे येत नाही. चालू खात्यातले पैसे अडकतात. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगे आणि मुली सगळ्यांचा समान वाटा (आई हयात असेल तर तिचाही). म्हणजे वीस वर्षं दुकानात बसलेला मुलगा आणि लग्न होऊन इचलकरंजीला गेलेली मुलगी, दोघं सारखे वाटेकरी. यात अन्याय काहीच नाही, पण आधी बोलणं झालं नसेल तर भांडण ठरलेलं. दुकान बंद पडायला भांडणाइतकं सोपं कारण नाही.

यावर साधा उपाय आहे. वडील धडधाकट असतानाच भागीदारी पत्र करा. जो किंवा जी धंदा पुढे नेणार, त्यांना भागीदार म्हणून आत घ्या, सुरुवातीला दहा-वीस टक्क्यांवर का होईना. 'एका भागीदाराच्या मृत्यूनंतर काय' याचं कलम त्यात असलंच पाहिजे, आणि दोनच भागीदार असतील तर जास्तच, कारण मागे एकटाच उरला की भागीदारी उरत नाही. दुकानाच्या नावाचा ट्रेडमार्क घ्या. जीआय विकता येत नाही, पण तुमच्या दुकानाचं नाव हे वेगळं आहे, ते वारसाला देता येतं, धंद्यासोबत विकताही येतं.

कागदावर न येणाऱ्या गोष्टी त्याहून महत्त्वाच्या. कुठल्या व्यापाऱ्याचं कातडं पावसाळ्यात बुरशी धरत नाही, कोण उधारी बुडवतो, कापशीची ठेवण आणि पुकारीची ठेवण यात नेमका फरक काय, चप्पल करकर वाजावी म्हणून आत काय करायचं. हे वडिलांच्या हातात असतं. ते कुठल्याच सातबाऱ्यावर चढत नाही. मोबाइल आहे ना हातात? त्यांचे हात शूट करा. अपलोड नका करू, घरात ठेवा.

आणि घरातल्या कुणालाच हे करायचं नसेल तर? मग रक्ताच्या बाहेर बघायला काय हरकत आहे? कारखान्यात पंधरा वर्षं काम करणारा कारागीर, शेजारच्या गल्लीतली वेणी घालणारी बाई, यांना दुकान हप्त्यांवर चालवायला देता येईल, लेखी करार करून. आत्ता होतं काय, की मालक थकला की बाहेरचा पैसेवाला येतो, नाव घेतो, इन्स्टावर 'हँडक्राफ्टेड विथ लव्ह' लिहितो आणि तोच कारागीर त्याच्याकडे जोडीवर मजुरी घेतो. कारागिराकडे कौशल्य आहे, पण एकरकमी पैसे नाहीत. बँका आणि महामंडळांनी नव्या दुकानाला कर्ज देतात तसंच चालू दुकान विकत घ्यायला कारागिराला कर्ज द्यावं, हे माझं म्हणणं. चालत्या दुकानाला गिऱ्हाईक असतं, नव्याला ते शोधावं लागतं. मग यात जोखीम जास्त की कमी?

आणखी एक वाट अथणीने दाखवलीय. तिथे कारागीर घरांतल्या बायकांचे बचत गट एकत्र आले, 'टो-होल्ड' नावाची कारागिरांच्याच मालकीची संस्था उभी राहिली आणि माल परदेशी गेला. एका घरात वारस नसला तरी तिथे धंदा चालू राहतो, कारण मालक एक माणूस नाही. कोल्हापूरच्या बाजूला असं आणखी व्हायला हवं.

ज्यांच्या घरात रापी नाही, त्यांचं काय काम?

आहे की. तुम्ही कॉमर्सला, डिझाइनला, कॉम्प्युटरला असाल तर कॉलेजचं प्रोजेक्ट इथे करा. पण कृपा करून फोटो काढून, 'डाइंग आर्ट' असं शीर्षक देऊन निघून येऊ नका. दहा घरांचा वर सांगितला तसा हिशोब मांडून द्या. जीआय-३ भरून द्या. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे प्रशिक्षण वर्ग तुमच्या जिल्ह्यात कधी आहेत ते शोधून सांगा. आणि चप्पल घेताना विचारा, ही बांधली कुणी? लिडकॉमने क्यूआर कोड आणलेत, त्यातून कारागिराची किंवा युनिटची माहिती मिळते. तो स्कॅन करा. दुकानदाराकडे कोड नसेल तर नसल्याचं कारण विचारा.

शेवटी कर्जाचं, कारण मेल येतील तर त्यावरच येतील. पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकाम हे १८ व्यवसायांपैकी एक आहे. वय १८ पूर्ण हवं, हाताने तो व्यवसाय करत असायला हवं. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडलं की २ लाखांपर्यंत कर्ज. तारण लागत नाही. मोठं युनिट टाकायचं तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदान जास्त मिळतं, ती चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा.

विश्वकर्मामध्ये एक अट मात्र नीट वाचा. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. केंद्रावर गेलं की सवयीने वडिलांचं नाव टाकलं जातं. त्यांचं वय साठच्या पुढे गेलंय, डोळ्यांना आरीचं टोक नीट दिसत नाही आणि वेणी तर आईच घालते. अर्ज कुणाच्या नावाने करायचा, हे सीएससी सेंटरच्या रांगेत उभं राहण्याआधी, आदल्या रात्री जेवताना ठरवा.